लोणारच्या हवेत माझं मूठभर मीठ

दिवाळीचा फराळ संपून रिकामे डबे घासायला पडले होते, तेव्हा बदनापूरहून मुक्ताचा फोन आला. मुक्ता म्हणजे माझ्या नणंदेची मुलगी. विद्यापीठात हवेवर संशोधन करते. हवेवर म्हणजे हवामानावर नव्हे, हे आधीच सांगून टाकते, कारण पाऊस कधी पडेल हे विचारून विचारून आमच्या नातेवाइकांनी त्या पोरीचं डोकं उठवलं आहे.

"मामी, लोणारला येता का? दोन रात्री शेतावर राहायचंय. सोबत पाहिजे."

मी चौतीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं. लोणारला चार वेळा सहल नेली. पण सहलीत बाई सरोवर बघत नाहीत, बाई मुलं मोजतात. जालन्यापासून नव्वद किलोमीटरच्या आतबाहेर असलेली जागा मी साठी ओलांडेपर्यंत नीट पाहिली नव्हती. तेव्हा मी हो म्हणाले आणि मगच आमच्या ह्यांना कळवलं. ह्यांनी फक्त "गॅस बंद करून जा" एवढं म्हटलं.

शुक्रवारी सकाळी दहाला जालन्याहून निघालो. सलीमभाईंची जीप, तीन दिवसांचे सहा हजार, डिझेल धरून. तुम्ही जाणार असाल तर एसटीनेही जाता येतं, मंठ्याला उतरून पुढची गाडी बघायची. पण आमच्याबरोबर पत्र्याची एक मोठी पेटी होती, ट्रॅक्टरच्या दोन बॅटऱ्या होत्या आणि पांढऱ्या नळीचं वेटोळं होतं. पेटीला मागच्या सीटवर दोन उशांच्या मध्ये बसवलं होतं. मी पुढे, मुक्ता पेटीजवळ. पहिलटकरणीला माहेरी नेताना जपतात तसं चाललं होतं.

रामनगर मागे पडलं आणि दोन्ही बाजूंना कापूस लागला. वेचणी चालू होती, बांधावर तूर फुलली होती. रस्ता वाटूर फाट्यापर्यंत छान. तिथे भजी खाल्ली, तळलेल्या मिरच्या मागून घेतल्या, चहा दहा रुपये. मग मी मुक्ताला विचारलं की बाई, या पेटीत आहे तरी काय.

तिने सांगितलं ते मला समजलं तसं लिहिते. लोणारचं पाणी खारं. काठावर खार साचतो, त्याचे कण वाऱ्याने उडतात. त्यावर सकाळचं ऊन पडलं की ब्रोमिन, क्लोरिन, आयोडीन ही मंडळी अगदी किंचित प्रमाणात हवेत सुटत असावीत आणि जमिनीलगतचा ओझोन खात असावीत. समुद्रावर आणि परदेशातल्या काही खाऱ्या तळ्यांवर हे दिसलं आहे. लोणारवर दिसतं का, हे बघायचं होतं. पेटी नळीने हवा ओढते, आत प्रकाश सोडते आणि हवेत कोण किती आहे हे ओळखते.

"पण ओझोन चांगला ना?" मी म्हटलं. "मी स्वतः शिकवलाय."

"वर आहे तो चांगला, मामी. खाली आपल्या नाकाशी आला की वाईट. छातीलाही, पिकालाही."

सलीमभाईंनी आरशातून बघितलं. "म्हंजे जावयावानी. दूर राह्यला तर बराबर, घरी राहायला आला का नुसता खर्चा."

मुक्ता हसली, पण अर्धंच. मंठा यायच्या आत खरी गोष्ट बाहेर आली. पेटी तिची नव्हती, विद्यापीठाला मोठ्या मिनतवारीने काही दिवसांसाठी मिळाली होती आणि सोमवारी सकाळी परत द्यायची होती. म्हणजे शनिवार आणि रविवार, दोनच पहाटा. तिच्या सरांनी स्वच्छ सांगितलं होतं की या वेळी काही दिसलं तर ठीक, नाहीतर विषय बदल. दोन वर्षं ती या एकाच विषयाला चिकटून होती. विषय बदलायचा म्हणजे ती दोन वर्षं पाण्यात.

"खाऱ्या पाण्यात," ती म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत बसली. मी तिला पिशवीतला लाडू दिला. मला दुसरं काय येतं?

मंठ्याहून तळणीमार्गे लोणार. या पट्ट्यात रस्त्याचं काम चालू आहे, सव्वा तास धरा. आमचा मुक्काम माझ्या जावेच्या माहेरी, सरोवराच्या कडेजवळच्या शेतावर. जावेची आई, गयाकाकू, पंचाहत्तरीच्या. कमरेत वाकल्या आहेत, पण आवाजात नाही. रात्रभर सरोवराच्या खळग्यात बसलेली हवा सकाळी उन्हाबरोबर वर येते, ती नेमकी या बांधावरून जाते, म्हणून मुक्ताने ही जागा निवडली होती.

उतरल्या उतरल्या तिने नियम सांगितले. उद्या आणि परवा सकाळी नऊपर्यंत चूल पेटवायची नाही, जीप चालू करायची नाही, बिडी ओढायची नाही. चहा घरात गॅसवर.

"बिडी बी न्हाई?" सलीमभाईंचा चेहरा पडला.

"बिडी तर बिलकुल न्हाई," गयाकाकूंनी परस्पर निकाल दिला.

संध्याकाळी बांधावर खाटेवर पेटी मांडली, नळी काठीला बांधून उंच केली. आता शेतावर असलं काही आलं की वस्ती बघायला येणारच. सात-आठ बाया आल्या, दोघं-तिघं बाप्ये आले. पेटीवरचे हिरवे दिवे लुकलुकत होते. एकीने हनुवटीला हात लावून म्हटलं, "काय देखणी पेटी हाय माय!" दुसरी म्हणाली, "येवढी महागाची चीज, अन् एका पोरीच्या हाती!" सगळ्या कौतुकानेच बोलत होत्या. पण कौतुक करताना कुणी थू थू केलं नाही, बोटं मोडली नाहीत. हे माझ्या लक्षात आलं.

आणि अर्ध्या तासात पेटी बंद पडली.

मुक्ताने एक वायर ढिली झाली होती ती घट्ट केली, दिवे परत आले. तिच्या मते विषय संपला. माझ्या मते वायर ढिली व्हायलाही काहीतरी कारण लागतं. मी अंधश्रद्धा मानत नाही, हे नीट ऐका. अंधश्रद्धा निर्मूलनावर मी शाळेत नाटुकलं बसवलेलं आहे. पण दृष्ट काढणं ही अंधश्रद्धा नाही, ती काळजी आहे. ज्याला हा फरक कळत नाही, त्याची कुणी लहानपणी काढलेली नसणार.

शनिवारी पहाटे पाचला उठलो. थंडी चांगलीच, शाल नेलीत तर उपयोगी पडेल. खालून मोरांचं ओरडणं चालू होतं. मुक्ताने पेटीवरचे आकडे बघितले आणि वाऱ्याची चक्री तपासायला शेताच्या दुसऱ्या टोकाला गेली. गयाकाकू गोठ्यात धार काढत होत्या. सलीमभाई जीपमध्ये रग ओढून बिडीचं दुःख विसरत होते. नुकतं तांबडं फुटलं होतं आणि पेटीजवळ मी एकटी.

चूल पेटवायची नाही असं ठरलं होतं. मी चूल पेटवली नाही. रात्रीच्या गोवऱ्यांचे निखारे राखेखाली जिवंत होते, ते एका जुन्या तव्यावर घेतले. स्वयंपाकघरातून मोहरी घेतली, सात लाल मिरच्या घेतल्या. खडेमीठ काही सापडेना, म्हणून पुडीतलं मूठभर घेतलं. पेटीवरून तीनदा ओवाळलं, "आल्यागेल्याची, शेजारणीपाजारणीची, वाटेवरच्या माणसाची, कुणाची लागली असेल ती जळो" असं म्हटलं आणि सगळं निखाऱ्यांवर टाकलं. तवा पेटीच्या पायाशी ठेवला.

तडतड झाली, धूर निघाला, पण ठसका म्हणून लागला नाही. सात मिरच्या जळताहेत आणि नाकाला वासही नाही! ठसका नाही म्हणजे दृष्ट जबर होती, हे कुणीही सांगेल. वेळेवर काढली म्हणून मला फार बरं वाटलं. धूर माझ्याकडे न येता सरळ वर, काठीवरच्या नळीकडे जात होता, हे मी पाहिलं होतं. त्यावर विचार केला नव्हता. मग तवा नेऊन उकिरड्यावर पालथा घातला.

साडेआठला मुक्ताने लॅपटॉप उघडला आणि किंचाळली. आम्ही धावलो. पडद्यावर एक रेघ जमिनीसरपट येत होती आणि उजाडायच्या सुमारास एकदम डोंगरासारखी उभी राहिली होती. त्याच वेळी ओझोनची रेघ खाली पडली होती.

"आयोडीन आहे, मामी! आयोडीन! ब्रोमिन थोडं मिळेल असं वाटलं होतं, पण हे एवढं!"

तिने मला उचलायचा प्रयत्न केला. ते जमण्यासारखं नव्हतं. मग तिने सरांना फोन लावला, आवाज मोठा केला. सरही खूश झाले, पण सर म्हणजे सर. म्हणाले, "आजूबाजूला काही जाळलं होतं का, आधी विचारून घे. आलेख रात्री आठपर्यंत पाठव, मी पुढे पेटीवाल्यांना दाखवतो."

मुक्ताने तिथल्या तिथे चौकशी केली. "सलीमभाई, बिडी?"

"कसम से न्हाई. वास बी न्हाई घेतला."

"काकू, चूल?"

"माय, मी तर धार काढून राह्यले व्हते."

मला तिने विचारलंच नाही. मी तिची मामी, शाळेतली बाई. आणि गंमत म्हणजे मलाही काही सुचलं नाही. माझ्या डोक्यात दृष्ट म्हणजे जाळणं नव्हतंच.

मग आम्ही लोणार बघायला निघालो. आधी गावातलं दैत्यसूदन मंदिर. भिंतीवरची शिल्पं बघायला निदान तास द्या. तिथून गोमुखाची धार, जिथे पाणी बारमाही पडतं. कडेवरून सरोवर दिसतं ते मात्र सांगता येत नाही. उल्का पडून झालेला एवढा मोठा वाटोळा खळगा, उतारावर दाट झाडी, तळाशी हिरवट पाणी. खाली उतरायचं तर सकाळी लवकर, चांगली चप्पल, पाणी बरोबर, एकट्याने नाही. वेळा आणि परवानगीचं आधी विचारून घ्या, नियम बदलत असतात. मी अर्ध्यापर्यंत उतरले आणि गुडघ्यांचं ऐकलं. मुक्ता मात्र पोरीसारखी उड्या मारत होती. दोन वर्षांत तिला अशी पाहिली नव्हती. सलीमभाईंनी तिला पेढे घेऊन दिले, स्वतःच्या पैशांनी.

एक वाजता शेतावर परतलो. गयाकाकूंनी भाकरी टाकायला घेतल्या, पिठल्याचं मी माझ्याकडे घेतलं. मिठाची पुडी उचलली आणि हात तिथेच थांबला. पुडीवर मोठ्या अक्षरांत छापलं होतं, आयोडीनयुक्त मीठ.

गलगंडाचा धडा मी चौतीस वर्षं शिकवला आहे. मुलांनो, आयोडीनयुक्त मीठच वापरा. रिकाम्या पुड्या आणायला लावून तक्ता केला होता. आणि हीच पुडी, हीच मूठ, नळीखाली निखाऱ्यावर.

पिठलं अळणी झालं. 

आता मी काय केलं ते लिहायला लाज वाटते, पण लिहिते. मी गप्प बसले. एक वाजल्यापासून सहा वाजेपर्यंत. आधी मनाला म्हटलं, मूठभर मिठाने असं किती होणार. मग म्हटलं, असेल थोडं माझं, बाकीचं सरोवराचं. मग म्हटलं, पोरगी खुशीत आहे, तिचा विषय वाचतो आहे, लोणारचंही नाव होतं आहे, यात कुणाचं काय जातं? वर्गात पोरं अशी कारणं द्यायची तेव्हा मी त्यांना बाकावर उभं करायची. खोटं बोलले नव्हते, फक्त मला कुणी विचारलं नव्हतं. हेही उत्तर मी पोरांकडून शेकडो वेळा ऐकलेलं आहे.

सहा वाजता मुक्ता आलेख पाठवायला बसली. मी तिच्याशेजारी खाटेवर बसले.

"मुक्ते, तो डोंगर माझा आहे."

तिला कळेना. मग मी सगळं सांगितलं. निखारे, तवा, मोहरी, मिरच्या, मीठ. पुडी आणून तिच्या हातात दिली. ती पुडी वाचत राहिली, जणू तिच्यावर खूप मजकूर होता. रडेल, चिडेल, माझ्याशी जन्मात बोलणार नाही, असं सगळं डोळ्यांसमोर आलं. नणंद तर बोलणारच नव्हती.

"किती मीठ?" शेवटी तिने विचारलं.

"मूठभर."

"मूठ दाखवा."

मी दाखवली. तिने वहीत काहीतरी लिहिलं, मग वही मिटली आणि तोंडावर ओढणी धरून रडली. थोडाच वेळ. गयाकाकू दारात उभ्या होत्या. त्यांना एवढंच कळलं होतं की दृष्ट काढून घोटाळा झाला. म्हणाल्या, "मास्तरीणबाई, मले इचारलं असतं तर मी मीठ न्हाई, नुसती भाकर ओवाळली असती. कुत्र्याच्या तरी कामी आली असती."

मुक्ताने सरांना फोन लावला. "सर, सकाळचा आयोडीनचा डोंगर खरा नाही. पेटीजवळ मीठ जळलं होतं. चूक माझी, मी लक्ष ठेवलं नाही."

ते मात्र मला ऐकवेना. मी फोन ओढून घेतला. "सर, तिची नाही, माझी चूक. मी मामी बोलतेय."

मग सर म्हणाले, "मामी, किती वाजता केलंत?"

"सव्वासहाच्या आसपास."

"मीठ, मोहरी आणि?"

"सात मिरच्या."

"सातच का?"

"विषम लागतात."

"ठीक आहे. उद्याही सातच घ्या."

मला वाटलं, सरांचा तोल गेला. पण ते म्हणाले ते असं. पहाटेची मापं संपली की दहा वाजता हीच दृष्ट पुन्हा काढायची, मोजून. आधी आयोडीन नसलेलं मीठ, मग पुडीतलं, मग नुसते निखारे. पाच पावलांवर, दहा पावलांवर, वीस पावलांवर. म्हणजे मामीचा डोंगर कसा दिसतो हे पेटीला कळेल आणि सरोवराचं काही असेल तर ते वेगळं काढता येईल.

रविवारी पहाटे मुक्ताने मला घरात कोंडलं नाही एवढंच. मी खिडकीशी शाल घेऊन बसले, श्वासही जपून घेत होते. सूर्य वर आला. साडेआठला आम्ही सगळे लॅपटॉपभोवती जमलो. डोंगर नव्हता. आयोडीनची रेघ सपाट होती. ब्रोमिनची उन्हानंतर किंचित उचलल्यासारखी होती, डोळे बारीक केले तर. ओझोन तेवढ्याच वेळात थोडा उतरला होता, रोज उतरतो त्याहून जास्त की नाही हे एका सकाळीत सांगता येणार नव्हतं. मुक्ताने ते सगळं वहीत लिहिलं, 'किंचित' आणि 'सांगता येत नाही' या शब्दांसकट.

दहानंतर माझी परेड. गयाकाकूंनी गोठ्यातलं जनावरांचं खडेमीठ दिलं. सलीमभाई पावलं मोजायला, मुक्ता मीठ तोलायला, मी ओवाळायला. सगळी मिळून नऊ वेळा दृष्ट काढली. चौथ्या वेळेपासून मंत्राचे शब्द जड झाले. सकाळपासून वस्ती जमलीच होती. दोन बायांनी येऊन विचारलं, "पेटीला लई जबर लागली काय?" सलीमभाई गंभीरपणे म्हणाले, "नऊदा काढून राह्यलो, तरी हिसाब लागून न्हाई राह्यला." पुडीच्या मिठाला पेटी दर वेळी ओळखत होती. खड्याच्या मिठात आयोडीन दिसत नव्हतं. पडद्यावर माझा डोंगर पुन्हा पुन्हा उभा राहिला, लांब गेलं की बुटका, जवळ आलं की उंच.

तीन वाजता निघालो. मंठ्यात चहा घेतला. मुक्ता वाटूरपर्यंत माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली. मी आठवड्याभरात एवढी खूश झाले नव्हते.

घरी येऊन आता तीन आठवडे झाले. लोणार बघण्यासारखं आहे का, असं मला विचारतात. आहे. दोन दिवस ठेवा, मुक्काम करा, पहाट चुकवू नका. पण माझ्याजवळ राहिलं ते सरोवर नाही, ते एक ते सहा पाच तास आहेत. इतक्या वर्षांत किती पोरांना मी 'आत्ताच्या आत्ता खरं बोल' म्हणून दरडावलं. आत्ताच्या आत्ता म्हणजे किती लांब असतं, ते मला आता कळलं. त्यांच्यापैकी कुणी हे वाचत असेल तर माफ करा रे.

मुक्ताचा विषय बदललेला नाही. सरांनी पुढे काय दाखवलं ठाऊक आहे का? माझ्या नऊ दृष्टींचे आलेख आणि रविवारची सपाट रेघ. म्हणाले, जी पोरगी हातात आलेला डोंगर स्वतः खोडते तिला आणखी सकाळी द्यायला हव्यात. पेटी पंधरा दिवसांसाठी पुन्हा मिळाली आहे. तिच्या अहवालात माझाही आलेख आहे, नाव नाही, 'स्थानिक मानवी स्रोत' असं लिहिलंय. नोकरीत मला एकही पुरस्कार मिळाला नव्हता. हे मी मानपत्र समजते.

मुक्ता परवाच पेटी घेऊन गेली, बरोबर मैत्रीण आणि सलीमभाई. सरांची एकच अट होती, मामींना नेऊ नका.

आमचे हे पहाटे उठून देवापुढे उदबत्ती लावतात. परवापासून मी त्यांच्या हातातून काडेपेटी काढून घेते. नऊपर्यंत थांबा म्हणते. जालन्याचा धूर लोणारला पोचत नाही, हे मला कळतं, मुक्ताने ते मला आलेखावर दाखवलंसुद्धा आहे. तरी नऊपर्यंत आमच्या घरात काही पेटत नाही. देव अंधारात बसतात आणि आम्ही दोघं त्यांच्यासमोर चहाची वाट बघत.